गॅरेज सोडू का, मॅडम?

नाव छापू नका म्हणालास म्हणून छापत नाहीये, पण तुझं पत्र थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय १९, एका गॅरेजमध्ये आठ महिने हेल्पर, त्यातले सहा महिने पार्ट धुणे, पाने आणून देणे आणि चाकं काढणे-लावणे यातच गेले. आई म्हणते हात काळे करून काय मिळणार, कॉलेज कर. मित्र म्हणतात इलेक्ट्रिक गाड्या आल्या, मेकॅनिक संपले. आणि मागच्या आठवड्यात एक गाडी आली, चेक इंजिनचा दिवा लागलेला, तू स्कॅनर लावलास, पी०१७१ कोड आला, फोनवर शोधलंस तर तिथे कुणीतरी ऑक्सिजन सेन्सर लिहिलेलं, तू उस्तादला सांगितलंस, त्याने सेन्सर बदलला, तीन दिवसांनी दिवा परत हजर. कस्टमर ओरडला, उस्तादनेही सगळ्यांसमोर तुलाच झापलं, आणि आता तू विचारतोयस की मॅडम हे काम माझ्या डोक्याचं नाही का, गॅरेज सोडून कोर्सला जाऊ का.

आईचं आणि इलेक्ट्रिकचं नंतर बघू, आधी तो सेन्सर, कारण तुझ्या प्रश्नाचं अर्ध्याहून जास्त उत्तर तिथेच आहे.

पी०१७१ म्हणजे इंजिनात पेट्रोलच्या मानाने हवा जास्त होतेय, बस एवढंच, सेन्सर खराब आहे असं तो कोड कुठेही म्हणत नाही. पेट्रोल नीट जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला साधारण १४.७ भाग हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर एक्झॉस्टच्या पाइपात बसून जळून आलेल्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते बघतो आणि कॉम्प्युटरला सांगतो, कॉम्प्युटर मग पेट्रोल थोडं वाढवतो, अजून वाढवतो, आणि वाढवून वाढवून त्याची हद्द झाली की दिवा लावतो. म्हणजे चोर शिरला म्हणून राखणदाराने आरडाओरडा केला आणि तुम्ही दोघांनी मिळून राखणदारालाच कामावरून काढलं :) कधीकधी सेन्सरही खोटं बोलतो, नाही असं नाही, पण ते तपासून ठरवायचं असतं.

हे मी कुठून सांगतेय तर माझा थोरला भाऊ ३० वर्षं गॅरेज चालवतो आणि घरी जेवताना दुसरा विषय नसायचा. शिवाय माझ्या स्वतःच्या गाडीचंही असंच झालंय. दर चार-पाच दिवसांनी बॅटरी झोपायची, एका ठिकाणी (नाव नाही सांगत, भाऊ तेव्हा गावाला गेला होता) बॅटरी बदलून दिली, आठवड्याने नवीनही झोपली, तर म्हणे कंपनीचा माल खराब, दुसरी घाला. भाऊ आला, गाडी बंद करून लॉक केली, थोडा वेळ थांबला, मल्टिमीटर लावला. बंद गाडी ५० मिलिअँपिअरच्या आत खायला पाहिजे, ही जवळजवळ अर्धा अँपिअर खात होती. मग एकेक फ्यूज काढत गेला आणि सापडलं काय, तर डिकीतला दिवा, झाकण लावलं तरी आत चालूच, स्विच अडकलेला. ५ वॅटचा बल्ब म्हणजे ०.४ अँपिअर, आणि ४५ अँपिअर-अवरची बॅटरी, कर हिशोब, चार-साडेचार दिवस, स्टार्टर तर त्याच्याही आधी हात टेकणार. दोन बॅटऱ्यांचे पैसे गेले आणि चूक होती एका छोट्या स्विचची.

तर बाळा, मेकॅनिक म्हणजे पार्ट बदलणारा असं तुलाही वाटतंय आणि तुझ्या आईलाही, म्हणून तुम्हा दोघांना ते काम लहान वाटतंय. पार्ट बदलणं हे हात चालणाऱ्या कुणालाही दोन वर्षांत येतं. अवघड आहे ते नेमका कुठला बदलायचा हे शोधणं, आणि मोठ्या गॅरेजमध्येही ते येणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी असतात. स्कॅनर हे काम करून देत नाही. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना स्कॅनर लावायचा तो एकसारखा सॉकेट सक्तीचा झाला, युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून, तो मुळात प्रदूषणावर लक्ष ठेवायला, आणि आज कस्टमर स्वतः ब्लूटूथचा छोटा डबा लावून कोड वाचून येतो. जे त्यालाही येतं त्याचे तुला कोण पैसे देईल? कोडच्या पुढचं जे आहे त्याचे मिळतात.

आता गॅरेज सोडू का. माझं मत सांगते, धंदा सोडू नकोस, पण ते गॅरेज सोडायचं का हे तुझ्या उस्तादवर आहे, आणि तो ओरडला म्हणून नाही, ओरडतात सगळेच. चार दिवस नुसतं बघ की कस्टमर तक्रार घेऊन आला की तो काय करतो. चार प्रश्न विचारतो का, आवाज कधी येतो, थंड असताना की गरम झाल्यावर, ब्रेक मारल्यावर की वळताना? गाडी चालवून बघतो का? मीटर, प्रेशर गेज, काहीतरी हातात घेतो का? चाकाचे नट शेवटी टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने) घट्ट करतो की गनने कर्रकन आवळून मोकळा? जॅकने उचललेल्या गाडीला स्टँड लावल्याशिवाय तिच्याखाली शिरतो का? काढलेला जुना पार्ट कस्टमरला दाखवतो का? बऱ्याचशा प्रश्नांची उत्तरं चांगली असतील तर तिथेच चिकट, पार्ट धुवायला लावले तरी चिकट, आणि त्याला सरळ सांग की मला रोज एक गाडी तरी तपासताना शेजारी उभं राहायचंय. नाही म्हणाला किंवा तोही अंदाजानेच बदलत असेल, तर दुसरं गॅरेज शोध, पगार थोडा कमी असला तरी चालेल. वाईट उस्तादकडे काढलेली दोन वर्षं नंतर विसरायला चार लागतात, हे माझ्याकडे आलेल्या मुलांमध्ये मी बघितलंय.

कोर्स कर, पण गॅरेज सोडून नाही, बरोबरीने जमेल असा बघ. आणि त्यात इंजिनपेक्षा इलेक्ट्रिकलकडे जास्त लक्ष दे. वायरिंग डायग्राम वाचता येणं, व्होल्टेज ड्रॉप काढता येणं, रिले कसा तपासायचा, हे गॅरेजमध्ये कुणी बसवून शिकवत नाही आणि तिथेच सगळे अडकतात. साधी गोष्ट सांगते, चांगली भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि गाडी चालू केली की १४ च्या आसपास गेलं पाहिजे, नाही गेलं तर बॅटरी नाही, अल्टरनेटर किंवा त्याची वायर बघ. एवढंसं माहीत नसल्यामुळे किती चांगल्या बॅटऱ्या भंगारात जातात देव जाणे.

इलेक्ट्रिक गाड्यांचं तुझ्या मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. इंजिन ऑइल नाही, प्लग नाही, टायमिंग बेल्ट नाही, क्लच नाही, म्हणजे ज्याचं पोट फक्त ऑइल बदलण्यावर आहे त्याने काळजी करावी. पण टायर आहेत, आणि गाडी जड म्हणून बऱ्याचदा ते लवकर झिजतात, सस्पेन्शन आहे, बुश आहेत, एसी आहे, बॅटरी थंड ठेवणारा कूलंट बहुतेक गाड्यांत आहे, ब्रेक ऑइल आहे, ते हवेतलं पाणी ओढतंच मग गाडी कशावरही चालो. ब्रेक पॅड कमी झिजतात कारण मोटरच गाडी हळू करते, पण कमी वापरल्यामुळे डिस्कवर गंज चढतो आणि कॅलिपर अडकतो, म्हणजे काम संपलं नाही, बदललं. बारा व्होल्टची छोटी बॅटरीही बहुतेकांत असतेच आणि ती झोपली तर एवढी मोठी गाडी उघडत सुद्धा नाही.

मात्र त्यातल्या मोठ्या बॅटरीला, त्या केशरी वायरींना, ट्रेनिंग घेतल्याशिवाय बोट लावायचं नाही. ४०० व्होल्ट, काहींमध्ये ८०० च्या आसपास. सप्लाय तोडायचा, कंपनीने सांगितला तेवढा वेळ थांबायचं, मीटरने शून्य बघायचं, तेही १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घालून. हे ट्रेनिंग वेगळं असतं, वर्ष-दोन वर्षांत ते घे, कारण जुने उस्ताद त्याला घाबरतात आणि तिथे तुझ्या वयाच्या मुलाला जागा आहे.

आईला काय सांगशील. हात काळे होतात हे खरंच आहे, तिच्याशी त्यावर वाद घालू नकोस, उलट नायट्राइलचे ग्लव्हज घाल, वापरलेलं ऑइल रोज कातडीला लागणं चांगलं नाहीच. ब्रेकची धूळ हवा मारून उडवू नकोस, शटर बंद करून आत गाडी चालू ठेवू नकोस. कंबर सांभाळ, या कामात पन्नाशीला डोकं शाबूत असतं पण कंबर गेलेली असते, म्हणून चाळिशीपर्यंत खाली वाकण्याच्या कामातून तपासणीच्या, नाहीतर सर्व्हिस ॲडव्हायजरच्या, नाहीतर स्वतःच्या गॅरेजच्या कामाकडे सरकायचं, हे आत्तापासून डोक्यात ठेव. आईला भीती काळ्या हातांची नाहीये रे, तू आयुष्यभर हेल्पर राहशील याची आहे. तिला एकदा गॅरेजला घेऊन जा आणि एखादा फॉल्ट कसा शोधतात ते दाखव.

अजून एक, एक वही कर. दर गाडीला चार ओळी, कस्टमर काय म्हणाला, आपण काय मोजलं, काय निघालं, परत आली का. फोनमध्ये नको, वहीतच, ऑइलचे डाग पडले तरी चालतील. वर्षभराने दुसरीकडे नोकरी मागायला गेलास तर सर्टिफिकेटच्या शेजारी ती ठेव.

पहिली नोंद कुठली ते तर ठरलेलंच आहे. ती गाडी शनिवारी परत येणार म्हणालास ना? पार्ट काढू नका. स्कॅनरच्या लाइव्ह डेटात फ्युएल ट्रिम बघ, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय (प्लस) की कमी करतोय (मायनस) तो आकडा, आधी आयडलला, म्हणजे रेस न देता गाडी नुसती चालू असताना, मग २५०० आरपीएमला धरून. आयडलला आकडा खूप प्लस आणि रेस दिल्यावर खाली येत असेल तर कुठूनतरी फुकटची हवा आत शिरतेय, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या, इनटेकचं गॅस्केट बघा, धूर सोडायचं मशीन असेल तर पाच मिनिटांचं काम. उलट रेस देताना आकडा वाढत असेल तर पेट्रोल पुरत नाहीये, पंप, फिल्टर, प्रेशर मोजा, किंवा हवा मोजणारा सेन्सर मळलाय का बघा. आणि सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला कुठे भोक पडलंय का तेही बघ, बाहेरची हवा ओढली जाऊन सेन्सर फसतो.

उस्तादला हे सगळ्यांसमोर सांगू नकोस, कस्टमर यायच्या आधी सकाळी सांग. आणि काय निघालं ते मला कळव, भावाने रबरी नळीवर पैज लावली आहे.