व्होल्टेज एकच असलं तरी नावं वेगळी ठेवा

तुमच्या बोर्डवर २४ व्होल्ट येतात, बकमधून (व्होल्टेज उतरवणाऱ्या स्विचिंग कन्व्हर्टरमधून) ५ होतात, पुढे एलडीओ या रेग्युलेटरमधून ३.३. शिवाय प्रोग्रामिंगसाठी यूएसबी टाइप-सीचे ५ व्होल्ट. कीकॅड या सर्किट-डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही ५ व्होल्टना एकच ‘+५व्ही’ चिन्ह लावलंय, आणि ईआरसी, म्हणजे त्यातली सर्किटच्या चुका शोधणारी तपासणी, पॉवर पिनला पुरवठाच नाही म्हणतंय. पीडब्ल्यूआर_फ्लॅग, म्हणजे ‘इथे पुरवठा आहे’ असं ईआरसीला सांगणारी खूण, लावून मोकळं व्हायचं का, हा तुमचा प्रश्न. फ्लॅग लावाच, पण आधी ती दोन नावं वेगळी करा.

पॉवर सिम्बॉलमध्ये, म्हणजे अशा पुरवठ्याच्या चिन्हात, नाव हीच वायर असते. दहाव्या शीटवर ‘+५व्ही’ ठेवलंत तरी ते पहिल्या शीटवरच्या ‘+५व्ही’ला जोडलं गेलं. म्हणजे तुमचा बक आणि लॅपटॉपचा यूएसबी पोर्ट आत्ता थेट शॉर्ट आहेत. यावर ईआरसी गप्प बसतं, कारण बकचं आउटपुट इंडक्टरमधून येतं आणि कनेक्टरचे पिनही पॅसिव्ह, म्हणजे ना पुरवठा देणारे ना घेणारे, धरलेले असतात.

रबाळे एमआयडीसीत पंप पॅनेलचे कंट्रोलर करत होतो, तेव्हा नेमकं हेच माझ्या हातून झालं. टेबलावर सगळं ठीक चाललं. साइटवर २४ व्होल्ट चालू असताना लॅपटॉप जोडला आणि त्याचा पोर्ट गेला. लॅपटॉप गिऱ्हाइकाचा होता. मग वीस बोर्डांचे ट्रॅक ब्लेडने कापून डायोड बसवत बसलो. तेव्हापासून नाव उगमावरून देतो: ‘५व्ही_बक’, ‘५व्ही_यूएसबी’. दोन्हींकडून एकेक शॉट्की डायोड, म्हणजे करंट उलटा जात नाही, आणि डायोडपुढे जे एकत्र होतं तेवढंच ‘+५व्ही’.

एडीसीच्या (अ‍ॅनालॉग सिग्नल मोजणाऱ्या भागाच्या) ३.३ व्होल्टचंही तसंच. तिथल्या फेराइट बीडच्या (नॉइज अडवणाऱ्या भागाच्या) दोन्ही बाजूंना एकच नाव असेल तर बीड बोर्डवर दिसेल, पण तांब्याने शॉर्ट झालेला असेल. पलीकडे ‘+३व्ही३ए’ हवं. आयसोलेटेड, म्हणजे बाकी बोर्डपासून विजेने वेगळं ठेवलेलं, आरएस-४८५ कम्युनिकेशन असेल तर त्याच्या ग्राउंडला साधं जीएनडी चिन्ह चुकूनही लावू नका, सगळं आयसोलेशन वाया जातं.

आता फ्लॅग. एलडीओचा आउटपुट पिन ‘पॉवर आउटपुट’ प्रकारचा असतो, म्हणून ३.३ वर तक्रार येत नाही. फ्यूज, डायोड, इंडक्टर, बीड ओलांडला की ईआरसीला उगम दिसत नाही. तिथे, म्हणजे ‘+५व्ही’ला, फ्यूजपुढच्या २४ व्होल्टला, ‘+३व्ही३ए’ला आणि जीएनडीला, एकेक फ्लॅग द्या. सरसकट सगळ्या नेटना (एकमेकांना जोडलेल्या वायरींच्या गटांना) लावू नका. उद्या एखादा रेल (पुरवठ्याची लाइन) खरंच तुटका राहिला तर सांगणारं कोणी उरणार नाही.

जुनी फाइल असेल तर आणखी एक बघा. कीकॅड ७ पासून सिम्बॉलची व्हॅल्यू बदलली की नेटचं नाव बदलतं. ६ मध्ये तसं नव्हतं, नाव आतल्या लपलेल्या पिनवरून यायचं. वर ‘५व्ही_यूएसबी’ लिहिलेलं दिसायचं आणि खाली नेट तीच. म्हणून नावं बदलल्यावर प्रत्येक रेल हायलाइट करून सगळ्या शीट बघा, मगच लेआउटला हात घाला.