दहाला सुटून दहा वीसला पोचणारं विमान

प्रश्न : पुढच्या महिन्यात आम्ही दोघं पॅरिसहून लंडनला विमानाने जाणार आहोत. तिकिटावर सुटण्याची वेळ १०.०० आणि पोचण्याची १०.२० आहे. परतीच्या तिकिटावर मात्र १०.०० ते १२.२०! अंतर तेच, मग जाताना वीस मिनिटं आणि येताना दोन तास वीस मिनिटं कशी? तिकिटात चूक आहे का?

उत्तर : तिकिटं अगदी बरोबर आहेत, निर्धास्त राहा. प्रवास दोन्ही वेळेला १ तास २० मिनिटांचाच आहे. तिकिटावर त्या त्या शहराच्या घड्याळाची वेळ असते आणि पॅरिसचं घड्याळ लंडनच्या एक तास पुढे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी दोन्हीकडची घड्याळं एकाच क्षणी बदलतात, म्हणून हा फरक वर्षभर कायम राहतो.

गंमत म्हणजे हा तास सूर्याने दिलेला नाही. ग्रिनिचचं रेखावृत्त फ्रान्समधूनही जातं. लंडनपेक्षा पॅरिसच्या माथ्यावर सूर्य जेमतेम दहा मिनिटं आधी येतो. १९११ पासून पॅरिसचं घड्याळ ग्रिनिचच्याच वेळेवर चालत होतं. १९४० मध्ये जर्मन सैन्य शहरात शिरलं आणि त्याने बर्लिनची वेळ लागू केली. युद्ध संपलं, सैन्य गेलं, वेळ मात्र राहिली. तुमच्या तिकिटावरचा घोळ तिथून आलेला आहे. मला हा इतिहास फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडा लांबला.

आता अंतर. दोन्ही शहरांमध्ये सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटरने पंचवीस-सव्वीस मिनिटांत संपायला हवं, मग १ तास २० मिनिटं कशाला? एका विमान कंपनीत मी वेळापत्रकं बसवायचं काम केलंय. विमान जागेवरून हललं की वेळ सुरू होते आणि उतरून, आपल्या जागेवर लागून थांबलं की संपते. शार्ल द गोल विमानतळ अवाढव्य, धावपट्टीपर्यंत जायलाच बराच वेळ जातो. आकाशात पुरेशी उंची गाठेपर्यंत उतरायची तयारी सुरू होते. आणि हीथ्रोला धावपट्ट्या दोनच, दोन्ही दिवसभर भरलेल्या. लंडनजवळच्या बोव्हिंग्डन किंवा बिगिन या ठिकाणांवरच्या आकाशात विमानं एकावर एक थर लावून घिरट्या घालत नंबरची वाट बघतात. हे सगळं वेळापत्रकात आधीच धरावं लागतं.

आणि त्यात विमानतळावर जाण्या-येण्याचा, रांगांचा वेळ मिळवा. म्हणून विचारलं नसलंत तरी सांगतो : तिकिटं रद्द करून पैसे परत मिळत असतील तर युरोस्टार रेल्वेने जा. गार द्यु नॉरला बसायचं, खाडीखालच्या पन्नास किलोमीटरच्या बोगद्यातून सेंट पँक्रसला उतरायचं. साधारण दोन तास वीस मिनिटं, थेट शहराच्या मध्यात. दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी पॅरिसच्या स्टेशनवरच होते, त्यामुळे गाडीच्या तासभर तरी आधी पोचा. आणि हो, रेल्वेच्या तिकिटावरही वेळा स्थानिकच असतात : दहाची गाडी लंडनला साडेअकराच्या आत पोचलेली दिसेल.