आता घोडीला पेन्शन द्यावी का?

यावेळी बैल-म्हशीचे प्रश्न पुढच्या अंकात, कारण घोड्यांचे तीन प्रश्न एकदमच आलेत अन् त्यातला पहिला एवढा मोठा आहे की बाकीच्यांना जागाच कमी उरली.

प्रश्न : डॉक्टरसाहेब नमस्कार, मी आर्वी तालुक्यातला, वय ६३, थोडी संत्र्याची बाग अन् बाकी कपाशी-तूर. ११ वर्षांपूर्वी मुलीसाठी घोडी घेतली, रेसमधून बाद झालेली थरोब्रेड, तेव्हा ती ९ ची होती, नाव मैना. मुलगी नोकरीला पुण्याला गेली अन् घोडी माझ्या गळ्यात पडली, विकायला जीव होईना म्हणून ५७ व्या वर्षी मीच बसायला लागलो. पहिल्याच महिन्यात तीनदा पडलो. मग पोरीने हट्ट करून ड्रेसाजच्या लहान स्पर्धेत नाव टाकलं, पहिल्यांदा ५८ टक्के मिळाले, या हिवाळ्यात ५४. जजने लिहिलं की उजवीकडे ताठ आहे, लय तुटते, उजव्या कॅन्टरला, म्हणजे त्या बाजूच्या संथ दौडीला, ४ मार्क. वॉकला, म्हणजे नुसत्या चालण्याला, मात्र दोन्ही वेळा ७. गावातले म्हणतात काका नवरदेव व्हायचंय का पुन्हा, भाऊ म्हणतो पांजरपोळात देऊन टाक, बायको म्हणते मैनाच्या पायाले तेल चोळता, माह्ये गुडघे दिसत नाई तुमाले? मैना आता २० ची झाली. तिला थांबवावं का? की थांबवलं नाही तर पाप लागेल?

उत्तर : भाऊ, पहिले गावकऱ्यांचं उरकतो. आपल्याकडे घोडा म्हटलं की वरात नाहीतर टांगा, त्यामुळे ड्रेसाज म्हणजे घोडा नाचवणे असं लोकांना वाटतं अन् त्यांचा काही दोष नाही. त्यांना सांगा की यात बँड नसतो, २० बाय ४० मीटरचा चौकोन असतो (मोठ्या स्पर्धेत २० बाय ६०), कडेला ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरं असतात अन् मधोमध न दिसणारा एक्स. ठरलेल्या अक्षरावर ठरलेली चाल बदलायची, या क्रमाला टेस्ट म्हणतात, प्रत्येक हालचालीला ० ते १० मार्क, त्यांच्या बेरजेचे टक्के. ५ म्हणजे जेमतेम, ६ म्हणजे ठीक, ४ म्हणजे कमी पडलं. म्हणजे तुमच्या मैनाला वॉकला ७ मिळाले ते चांगलेच म्हणायचे, ते तुम्ही पत्रात असं घाईघाईत लिहून टाकलंत जसं काही ते मोजायचंच नाही. त्याच्यावर पुढे येतो.

आता वयाचं. अमेरिकेत ड्रेसाजवाल्यांचा सेंच्युरी क्लब म्हणून एक प्रकार आहे, १९९६ पासून चालतो, स्वार अन् घोडा दोघांच्या वयाची बेरीज १०० झाली की दोघांनी मिळून एक टेस्ट करायची, झालं, तुम्ही मेंबर. तुमची बेरीज ८३. दरवर्षी २ वाढतात म्हणजे अजून ९ वर्षं, तेव्हा तुम्ही ७२ अन् मैना २९. घोडं २९ पर्यंत जगू शकतं, पण त्या वयात टेस्ट करेल अशी आशा आताच धरू नका.

लोक तुम्हाला हुरूप द्यायला सांगतील की लोर्ना जॉनस्टोन नावाची इंग्रज बाई १९७२ ला म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ड्रेसाजला उतरली तेव्हा ७० ची होती, जपानचे हिरोशी होकेत्सू २०१२ ला लंडनला ७१ चे होते. खरं आहे. पण होकेत्सूंची घोडी व्हिस्पर तेव्हा १५ ची होती हे कोणी सांगत नाही. म्हातारा स्वार पेपरात येतो, घोडीचं वय कोणी विचारत नाही. तुमचं ६३ वय हा प्रश्नच नाही, प्रश्न मैनाच्या २० चा आहे, कारण २० ची घोडी म्हणजे ढोबळमानाने आपल्यातली साठीची.

आता मुद्द्याचं. "वय झालं" हे निदान नाही. हे मी माझ्याच चुकीवरून सांगतो. नोकरीत असताना एका टांगेवाल्याने म्हातारा घोडा आणला, मागचा पाय आखडत होता, मी पाच मिनिटं बघून सांगितलं वय झालं, आराम द्या. आठ दिवसांनी पुन्हा आला, तोवर घोडा तीन पायांवर. नालबंदाने नाल काढली, तळव्याला एक काळी रेघ होती, सुईएवढी, ती खरवडत खरवडत गेला अन् बोटभर आत गेल्यावर काळा घाण वासाचा पू आला, पिचकारीसारखा. संध्याकाळी घोड्याने पाय टेकवला. तो टांगेवाला मला काही बोलला नाही, पण त्याने ज्या नजरेने बघितलं ते अजून आठवतं.

म्हणून मैनाचं उजवीकडे ताठ म्हणजे काय ते पहिले शोधा. घरच्या घरी एवढं करा, कोणाला तरी कडक सपाट रस्त्यावर तिला हातात धरून दुडकी पळवायला सांगा, दोरी ढिली ठेवून, अन् तुम्ही समोरून बघा. पुढच्या पायाने लंगडत असेल तर दुखरा पाय टेकताना डोकं वर जातं अन् चांगला टेकताना खाली येतं. दुसरं, सुरुवातीला ताठ अन् १५-२० मिनिटं चालल्यावर मोकळी होत असेल तर बहुतेक सांधे, म्हणजे वयाचा संधिवात. जसजसं काम होईल तसतशी बिघडत असेल तर शीर किंवा दुसरं काही, तिथे लगेच थांबायचं. चारही पायांना हात लावून बघायची सवय लावा, रोज सकाळी, काम करायच्या आधी, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला की खोगीर त्या दिवशी खुंटीवरच. आणि मग नागपूरच्या व्हेटर्नरी कॉलेजात दाखवा, १९५८ चं कॉलेज आहे, तिथे सांध्याचा एक्स-रे होईल, तालुक्याच्या दवाखान्यात माझ्यासारखा पाच मिनिटवाला भेटायची शक्यता असते.

पण तुमच्या पत्रात एक गोष्ट राहिली. मैना उजवीकडे ताठ आहे हे लिहिलंत, तुम्ही कोणत्या बाजूला ताठ आहात ते नाही लिहिलं. साठीनंतर आपली एक कंबर, एक गुडघा दुसऱ्यापेक्षा आखडलेलाच असतो, आपल्याला कळत नाही, घोडीला कळतं. स्वार डावीकडे लोंबला की घोडी उजवीकडे वळायला तयार होत नाही, अन् मार्क घोडीचे कटतात. पोरीला सांगा पुढच्या वेळी आली की मागून मोबाईलवर व्हिडिओ काढ, सरळ रेषेत जाताना, खोगिराचा मागचा भाग एका बाजूला सरकलाय का, तुमच्या दोन्ही रिकिबी सारख्या उंचीवर दिसतात का. खोगीरही तपासा. ११ वर्षांपूर्वीचं खोगीर तेव्हाच्या पाठीचं आहे, म्हाताऱ्या घोड्याचं पाठीवरचं मांस उतरतं, खोगीर पुढे खाली बसतं अन् वशिंडापाशी चिमटतं (वशिंड बैलाचं असतं हे मला माहीत आहे, पण जागा तुम्हाला कळली). आणि खालून रिकिबीला लटकून चढू नका, बांधावरून नाहीतर एखाद्या मजबूत स्टुलावरून चढा, तुमचंही भलं तिचंही. तुमचं वजन अधिक खोगीर हे घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर जायला नको, म्हणजे ४५० किलोची घोडी असेल तर ९० किलो ही हद्द, अन् या वयात त्याच्या खालीच राहिलेलं बरं.

जमीन. तुम्ही लिहिलं नाही पण आर्वीकडे म्हणजे काळीच असणार, पीक निघाल्यावर त्याच वावरात गोल फिरवता असं धरून चालतो. काळी माती पावसाळ्यात खूर सोडत नाही अन् डिसेंबरनंतर तिला भेगा पडतात, दोन्ही म्हाताऱ्या पायाला वाईट. २० बाय ४० वर ४ इंच रेती टाकायची म्हटली तर २८-२९ ब्रास होते, आजच्या भावात तुमची अर्धी संत्री त्यातच जातील, त्यामुळे ते सोडा. बागेतला मुरमाचा रस्ता सपाट करा, त्याच्यावर वॉक अन् सरळ दुडकी, आणि एकच २० मीटरचा गोल मुरूम दाबून त्यावर पातळ रेती. खोल रेती तर नकोच, शिरा खेचल्या जातात.

आता थांबवायचं का. माझं मत, काम थांबवू नका, पायरी उतरा. सांधेवाल्या घोड्याला ठाणावर बांधून ठेवलं की तो अजून आखडतो, पांजरपोळात हेच होईल. रोज थोडं, आठवड्याला पाच दिवस, पहिली १५-२० मिनिटं लांब लगामावर नुसतं चालणं, कॅन्टर आठवड्यातून दोनदाच अन् तोही तिच्या चांगल्या बाजूने जास्त. स्पर्धेत सगळ्यात खालची टेस्ट घ्या, जिच्यात कॅन्टर कमीत कमी असेल. अन् वॉकच्या ७ कडे या आता. बऱ्याच टेस्टमध्ये मोकळ्या लगामावरच्या वॉकचे मार्क दुप्पट धरतात. तरणी घोडी तिथे लगाम सोडला की इकडे तिकडे बघते, पळायला बघते, म्हातारी शांत मान लांब करून खाली घालते अन् मागचा खूर पुढच्याच्या ठशाच्या पुढे टाकते, जजला तेच पाहिजे असतं. तिथे ७ चे ८ करणं तुमच्या हातात आहे, उजव्या कॅन्टरच्या ४ मागे लागून तिला घासू नका. टेस्टमध्ये उघड लंगडली तर जज बाहेरच काढतो, ती वेळ येऊ देऊ नका.

स्पर्धेआधी दुखीचं इंजेक्शन देऊन उतरवायचा सल्ला कोणी दिला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, ते नियमातही बसत नाही अन् दुखणं झाकून पळवलं की पाय कायमचा जातो. एरवी औषध लागलं तर डॉक्टरकडून मेलोक्सिकॅम या दुखीच्या औषधाचं विचारा. डायक्लोफेनॅक जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, केटोप्रोफेन अन् अॅसिक्लोफेनॅक २०२३ पासून, ते टोचलेली जनावरं मेल्यावर खाऊन गिधाडं मेली, तरी काही दुकानात माणसाची बाटली मिळते अन् लोक टोचतात.

चंदीबद्दल थोडक्यात. दात दाखवा, वर्षातून दोनदा. चघळलेल्या चाऱ्याचे गोळे ठाणावर पडलेले दिसले किंवा लिदीत अख्खे चणे दिसले की दात गेले समजा. मग तुरीचं कुटार बंद, जाडंभरडं तुंबून पोटशूळ होतो अन् घोड्याला उलटी करता येत नाही. भिजवलेला कोंडा, भिजवलेले भरडलेले चणे, मऊ गवत, चांगलं उकळलेलं जवस मूठभर. कोंबड्यांचं किंवा गाईचं तयार खाद्य चुकूनही नको, त्यात मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असू शकतं, गाईला चालतं पण घोड्याचं त्याने हृदय बंद पडतं. कोवळी ज्वारी पण नाही. आणि उन्हाळ्यात सगळ्यांचे केस गळाले तरी मैनाचे लांब कुरळे राहिले तर ते कुशिंग्ज नावाचं दुखणं असू शकतं, त्याच्यापाठोपाठ खूर सुजतात, त्याची तपासणी वेगळी असते. एप्रिल-मेमध्ये सहाच्या आत काम उरकायचं, घाम येत नसेल अन् नुसती धापत असेल तर तो घोड्यातला आजार आहे, आळस नाही.

पाप लागेल का विचारलंत. ते खोगीर घेऊन तुम्ही तिच्याकडे जाता तेव्हा ती काय करते ते बघा ना, कान पुढे करून येते की तोंड फिरवून कोपऱ्यात जाते. अन् काकूंच्या गुडघ्यांना तेल लावा, ते तर फुकटच आहे.

प्रश्न : आमच्याकडे मारवाडी घोडी आहे, १४ वर्षांची, लग्नात चालते. मुलगा १३ चा आहे, त्याला ड्रेसाज शिकायचं म्हणतो. वाकड्या कानाच्या घोड्याला मार्क कमी देतात का? — दिग्रसकडून एक वाचक

उत्तर : कानाचे मार्क नसतात. त्रास दुसरा आहे, वरातीत शिकवलेली घोडी डोकं वर अन् पाठ खाली दाबून जागच्या जागी नाचते, ड्रेसाजला नेमकं उलटं पाहिजे, पाठ उचललेली अन् मान लांब. ते विसरवायला वर्ष जाईल, काटेरी लगाम अन् चाबूक दोन्ही सोडून. फायदा एवढाच की बँड, फटाके ऐकलेली घोडी मैदानातल्या लाउडस्पीकरला बुजणार नाही. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडला भारताने ड्रेसाजचं टीम गोल्ड जिंकलं, घोडेस्वारीत ४१ वर्षांनी, ते ऐकून पोरगं पेटलं असेल तर चांगलंय, पण ते घोडे परदेशात तयार झालेले होते, तुलना करू नका. आणि कुठेही नेण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या, नमुना सरकारी दवाखान्यातून हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडे पाठवता येतो. तो रोग माणसालाही होतो, अन् तुमची घोडी तर दर सिझनला शंभर गावं फिरते.

प्रश्न : मी रिटायर शिक्षिका, वय ५८, वरोऱ्याजवळ राहते. लहानपणापासून घोड्यावर बसायची इच्छा. आता सुरू केलं तर हाडं मोडतील का?

उत्तर : मोडू शकतात, ताई. आधी हाडांची घनता तपासून घ्या, मग हेल्मेट घ्या, सायकलवालं नाही, घोडेस्वारीचंच, मग एखादा १५ च्या वरचा शांत घोडा शोधा. तरणा घोडा कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. पहिले दोन महिने बसायचंच नाही, खरारा करायचा, खूर साफ करायचे, दोरी धरून चालवायचं. वर्गातल्या पोरासारखंच आहे, त्याला तुमचा आवाज ओळखीचा झाला की अर्धं काम होतं, अन् आवाज तर तुमच्याकडे आहेच.