जवळचं माणूस गेल्यापासून कादंबरी अडकली आहे. पुन्हा लिहायला सुरुवात कशी करावी?

'दुःखावरच लिहा, मोकळे व्हाल' असं तुम्हाला दहा जण सांगतील. ऐकू नका.

चिलीच्या कादंबरीकार इसाबेल अयेंदेंची मुलगी पाउला १९९१च्या डिसेंबरात माद्रिदमध्ये कोमात गेली आणि वर्षभराने वारली. तिच्या उशाशी बसून लिहिलेल्या पत्राचं 'पाउला' हे पुस्तक झालं. म्हणजे दुःख लिहून झालं होतं. पण त्यांचं लिखाण आटलं ते त्यानंतर! दर ८ जानेवारीला नवं पुस्तक सुरू करणाऱ्या बाई, काही वर्षं काही सुचेना. शेवटी आपण मूळच्या पत्रकार, विषय मिळाला की लिहू शकतो, म्हणून त्यांनी स्वतःलाच काम लावून घेतलं. विषय, खाणं आणि शृंगार. 'आफ्रोदिता' १९९७ला आलं आणि त्यानंतर पुन्हा कादंबरी.

हे गेले तेव्हा माझी कादंबरी अर्ध्यावर होती. एका संपादकांनी दिवाळी अंकासाठी ह्यांच्यावरच लेख मागितला. नाही म्हटलं तर म्हणाले, "ताई, लेखकाने जखम वापरायची असते." वापरायची म्हणे!

मग आमच्या वाचनालयाची शताब्दी स्मरणिका गळ्यात पडली. कसर लागलेल्या रोजकीर्दी, जुनी इतिवृत्तं, कंदिलाच्या रॉकेलचे हिशेब. त्यात एका सभासदाच्या अर्जांची चळत सापडली. पुस्तक मी भिजवलं नाही, मला भिजलेलंच मिळालं, सबब दंड माफ व्हावा. अक्षर मोत्यासारखं, भाषा कज्जेदलालाची. या गृहस्थाची बायको घरी काय ऐकून घेत असेल, असं मनात आलं आणि मी तिचं बोलणं प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहीत सुटले. छापखान्यातून रोज फोन यायचा, त्यामुळे मूड-बिड बघायला सवडच नव्हती. त्या बाईचीच पुढे कादंबरी झाली.

तेव्हा कुणीतरी मागितलेलं, तारीख ठरलेलं, तुमच्या दुःखाशी काडीचा संबंध नसलेलं काम घ्या. अडकलेली कादंबरी पुरी करायचा हट्ट नको. माझी अजून तशीच पडली आहे.

आता लक्ष्मीबाई टिळकांनी पती रेव्हरंड टिळक गेल्यावर त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं केलं, हे मलाही माहीत आहे. तेव्हा माझं सगळ्यांना लागू पडेल असं नाही. झोप-भूक उडाली असेल तर आधी डॉक्टर गाठा, कादंबरी थांबेल. आणि जखम वापरायला सांगणारा भेटलाच, तर त्याने स्वतः शेवटचं काय लिहिलं ते विचारा. मी विचारलं होतं. संपादकमहाशय अजून बोलत नाहीत.