वाचक विचारतात : लग्नघर, पाहुणे आणि मे महिना

यंदा १७ मे ते १५ जून २०२६ अधिक ज्येष्ठ आहे आणि अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नसतात. त्यामुळे लग्नांची सगळी घाई मेच्या पहिल्या पंधरवड्यात आली आहे आणि मुलांच्या सुट्ट्याही तेव्हाच. पुणे परिसरातून आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्नांना इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : रविवारी १० मेला मुलीचं लग्न आहे. नागपूर आणि इंदूरहून १४ पाहुणे शनिवारी २ तारखेलाच येतील, त्यात पाच मुलं आणि तीन ज्येष्ठ. त्यांना पुणं दाखवायचंय, पण घरातली कामंही आहेत. कसं बसवावं?
*एक वाचक, सहकारनगर*

फिरणं ४, ५ आणि ६ तारखेला उरका. गुरुवारपासून गाडी फक्त लग्नाच्या कामाला. आणि नवरीच्या आईने एकाही सहलीला जाऊ नये. घरातला एखादा भाचा किंवा पुतण्या पाहुण्यांचा म्होरक्या नेमा. पैसे, पाणी आणि डोकी मोजणं त्याच्याकडे.

सोमवारी सिंहगड. शनिवार-रविवारी घाटात गाड्यांची रांग लागते, म्हणून सोमवार. पहाटे साडेपाचला निघालात तर सातच्या आत वर पोचाल. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही खाऊन दहाला उतरायला लागा, त्यानंतर कातळ तापतो. गाडी वरच्या वाहनतळापर्यंत जाते, पण तिथून दरवाज्यापर्यंत पायऱ्या आहेतच. गुडघे दुखणाऱ्यांना वाहनतळावरच सावलीत बसवा आणि सोबतीला एकाला ठेवा.

मंगळवारी ५ तारखेला अंगारकी आहे. दगडूशेठ गणपती आणि शिवाजी रस्त्याचा परिसर त्या दिवशी टाळा. मुलांना कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्या, उघडताच आत शिरा. ते बुधवारी बंद असतं. ही उलटापालट हमखास होते आणि १४ जणं फाटकावरून परततात. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पर्वती. १०३ पायऱ्या, पण रुंद आणि सोप्या.

बुधवारी दुपारी राजा दिनकर केळकर संग्रहालय. उन्हाच्या वेळी छपराखाली दोन तास सहज जातात. तिथले दिवे आणि अडकित्ते ज्येष्ठांना नक्की दाखवा. लग्नघरातल्या बायका त्या अडकित्त्यांसमोरून हलत नाहीत. तिथून तुळशीबाग चालत गाठता येते. बांगड्या, ओटीचं सामान, राहिलेली किरकोळ खरेदी तिथेच आटोपेल.

वॉटर पार्कला आमचा ठाम नकार. करवल्यांची कातडी उन्हाने सोलवटते, आणि लग्नात वर्षभराचे फोटो निघतात.

गाडी १७ आसनी घ्या. शहरातला दर बहुधा '८ तास, ८० किलोमीटर' असा असतो. एका दिवसात सिंहगड आणि कात्रज दोन्ही केलंत तर किलोमीटर वर जातात आणि जादा पैसे लागतात, हेही दिवस वेगळे ठेवण्याचं कारण. मोजणी तुमच्या दारापासून की गाडीमालकाच्या गॅरेजपासून, चालकाचा भत्ता, टोल, पार्किंग कुणाकडे, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. लग्नानंतर जेजुरीला जोडीने जायचं असेल तर रविवार सोडून जा. नवऱ्याने नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात. ते सकाळी आठच्या आत करा, दुपारी अनवाणी पाय ठेववत नाही.

प्रश्न : पाच साड्यांना फॉल-पिको करून आणले. त्यातली एक धुतली तर काठ सगळा गोळा झाला. लग्नाच्या साड्यांचंही असंच होईल का?
*एक वाचक, चिंचवड*

फॉल पाण्यातून न काढता लावला, म्हणून हे झालं. फॉल सुती असतो, त्यात खळ असते. पहिल्या पाण्याला तो आटतो, साडी आटत नाही, मग काठ चुण्या धरतो. फॉल स्वतः विकत घ्या, रात्रभर पाण्यात भिजवा, न पिळता वाळवा, इस्त्री करा आणि मग टाकायला द्या. ब्लाउजच्या अस्तरालाही हाच नियम. नाहीतर दोन धुण्यांत ब्लाउज काखेत काचतो. आधीच लावलेल्या साड्यांचे फॉल उसवून घ्या. हाताने घातलेले टाके असतील तर तासाभराचं काम आहे. पैठणी किंवा भरजरी साडी घरी धुवायची नाही, पण घामाने आणि ड्रायक्लीनिंगनेही फॉल थोडा आटतोच, म्हणून तिचाही भिजवलेलाच हवा.

मेंदी शुक्रवारी काढा असं आम्ही रविवारच्या लग्नांना सांगतो. लेप सहा ते आठ तास राहू द्या, पाण्याने न धुता खरवडून काढा. रंग पुढच्या एक-दोन दिवसांत चढतो. झटपट काळी रंगणारी मेंदी नको. तिच्यात पीपीडी हे केसांच्या कलपातलं रसायन मिसळलेलं असतं, त्याने फोड येतात.

प्रश्न : भाचीचं केळवण घरीच करायचंय. ४० माणसं, आमरस-पुरीचा बेत. अंदाज सांगा.
*एक वाचक, सासवड*

पाव किलोच्या हापूसच्या एका डझनातून दीड लिटरच्या थोडा वर रस निघतो. माणशी २०० मिली धरा, कारण दुसरी वाटी सगळेच घेतात. म्हणजे ८ लिटर, पाच डझन. पण सहा डझन आणा. हापूसला साका असतो. बाहेरून फळ सुरेख, आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट गर. चिरल्याशिवाय कळत नाही. फळं पाच दिवस आधी अर्धकच्ची घ्या, पेंढ्यात एका थरात ठेवा, रोज हात फिरवून पिकलेली वेगळी काढा.

रस स्टीलच्या पातेल्यात काढा आणि ते बर्फाच्या पाण्याच्या परातीत बसवा. दूध आधीच घालून ठेवू नका, मेच्या दुपारी रस फसफसायला वेळ लागत नाही. दूध घालायचंच तर वाढायच्या आधी, लागेल तेवढ्याच रसात.

पुऱ्यांना साडेचार किलो कणीक लागेल. किलोला ५५ ते ६० लहान पुऱ्या होतात. सगळी एकदम भिजवली तर शेवटचा गोळा सैल पडतो, पुरी तेल पिते आणि फुगत नाही. दीड-दीड किलो, घट्ट भिजवा. बटाट्याच्या भाजीला साडेचार किलो बटाटे, वरण-भाताला अडीच किलो तांदूळ आणि सव्वा किलो तूरडाळ. मठ्ठ्याला ३ लिटर दह्यात ५ लिटर गार पाणी. काकडीची कोशिंबीर ३ किलोची, आणि मीठ पान वाढताना घाला, आधी घातलंत तर पातेल्यात पाणीच उरेल.

प्रश्न : अक्षतांमुळे मागच्या लग्नात शालूवर लाल डाग पडले.
*एक वाचक, कोथरूड*

कुंकू ओलं राहिलं होतं. ३०० माणसांना २ किलो तांदूळ पुरे. त्यांना दोन चमचे पातळ तूप आणि अगदी शिंतोड्यापुरतं पाणी चोळा, मग ५० ग्रॅम कुंकू, आणि कागदावर सावलीत रात्रभर पसरा. वाटण्याआधी चाळणीतून काढा म्हणजे सुटं कुंकू गळून जाईल. पांढऱ्या कपड्यावर मूठभर घासून पाहा. डाग उठला तर आणखी वाळवा.

प्रश्न : लग्ननोंदणी सावकाश केली तर चालेल ना?
*एक वाचक, हडपसर*

महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे ९० दिवसांत करायची. १० मेच्या लग्नाचे ९० दिवस ८ ऑगस्टला भरतात आणि तो दुसरा शनिवार आहे. अडतं ते तीन साक्षीदारांवर आणि गुरुजींच्या सहीवर: साक्षीदार गावी परततात, गुरुजी पुढच्या मुहूर्तांत गुंततात. म्हणून अर्ज आधीच भरून मंगल कार्यालयात न्या, गुरुजींची सही अक्षता पडल्यावर लगेच घ्या, आणि साक्षीदार पुण्यातलेच ठरवा. आधार कार्ड आणि पत्रिकेवरच्या नावांची स्पेलिंगं आजच जुळवून पाहा.

प्रश्न : लग्नानंतर आठवड्यात अधिक महिना लागतोय. जावयाच्या पहिल्या वाणासाठी ३३ अनारसे घरी करायचे आहेत, पण माझे दरवेळी तुपात हसतात, म्हणजे विरघळून पसरतात.
*एक वाचक, सातारा*

अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणून वाणाला ३३ चा आकडा, आणि पदार्थ जाळीदार. बत्तासे चालतात, पण घरच्या अनारशांची सर त्यांना नाही. रविवारी ३१ मेला वाण द्यायचं तर तांदूळ गुरुवारी २१ ला भिजले पाहिजेत.

अर्धा किलो जुना, जाड तांदूळ धुऊन तीन दिवस भिजवा. थंडीत दिवसातून एकदा पाणी बदललं तर भागतं, मेमध्ये दोनदा बदला, नाहीतर वास धरतो. चौथ्या दिवशी निथळून कापडावर पसरा. दाणा बोटाला दमट लागला पाहिजे, ओला नाही आणि कोरडाही नाही. कोरडा दळलात तर गूळ धरत नाही. मिक्सरवर दळून बारीक चाळणीने चाळा.

हसण्याचं मूळ पुढे आहे. गूळ किसून, वजन करूनच घ्या; अर्ध्या किलोला ४५० ग्रॅमच्या वर नको. चिक्कीचा गूळ टाळा. कालवून घट्ट गोळे करून डब्यात पाच दिवस ठेवा. मेमध्ये गूळ लवकर सुटतो, पीठ सैल होतं आणि तुपात पडताच विरघळून पसरतं. म्हणून आधी एकच अनारसा तळून पाहा. हसला तर पिठात दोन-तीन चमचे कोरडी तांदळाची पिठी मिसळा आणि पुन्हा एकच तळा. घट्ट होऊन चिरा पडत असतील तर थोडं पिकलं केळं कुस्करून घाला.

साधारण २० ग्रॅमची गोळी खसखशीवर थापा, खसखस वर ठेवून मंद तुपात सोडा. उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवत राहा, जाळी तिथेच पडते. तूप फार तापलं तर कडा करपते, गार असलं तर अनारसा तूप पितो. एवढ्या पिठात चाळीसच्या वर होतील, म्हणजे हसलेले वगळूनही ३३ भरतील. काढल्यावर चाळणीत उभे लावा, तूप निथळू द्या, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्याचं झाकण लावा.