कात्री धर, बाळा

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

तू तुरुंगातून सुटून आल्याला पंधरा दिवस झाले आणि अजून दिवेलागणीनंतरच घराबाहेर पडतोस, असं तुझी आई सांगत होती.

पुण्याला जाऊन कंपनीत लागावं, तिथं कोण ओळखतंय, असं तुझ्या मनात आहे म्हणे. पण आता बऱ्याच ठिकाणी पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागतात. फॉर्मवर शिक्षेबद्दल विचारलं तर खोटं लिहू नकोस. सरकारी नोकरीत माहिती दडवली तर कामावरून काढता येतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली अवतार सिंह खटल्यात सांगितलंय. गावात दडवण्यासारखं काही उरलंच नाही, आणि मला त्यातच तुझं भलं दिसतं. कुणाला कळेल या धास्तीत इथं दिवस काढायचा नाही.

आपल्या आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर तुला माहीत आहे. औंध संस्थानानं १९३९ साली कैद्यांसाठी ती खुली वसाहत काढली. बायकामुलांसह राहून त्यांनी तिथली जमीन कसली. या मातीला असं माणूस नवं नाही.

तू डाळिंबाची छाटणी शीक. बहार धरायच्या वेळी छाटणीला टोळी मिळता मिळत नाही. तिथं दाखला कुणी मागत नाही, फांदी कुठं कापलीस ते बघतात. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना कात्री औषधात बुडवायची, नाहीतर तेल्या रोग तूच बागभर नेशील. एवढं न चुकता करणारा गडी मालक सोडत नाही.

तोवर ग्रामपंचायतीत रोजगार हमीचं जॉब कार्ड काढ. कामाची मागणी लेखी दे आणि तारखेची पोच घे. पंधरा दिवसांत काम द्यावं लागतं. वकिलाचं देणं भागवायला ऊसतोडीच्या मुकादमाची उचल मात्र घेऊ नकोस. ती फिटता फिटत नाही.

आता अवघड गोष्ट. ज्याला तुझी काठी लागली, त्याचं घर तुमच्याच आळीत आहे. तुला कामावर घेणाऱ्याला त्याची भावकी येऊन बोलणार. म्हणून काम मागतानाच मालकाला सगळं आपल्या तोंडानं सांग: काय केलं, किती वर्षं भोगली. बांधाचा वाद, त्याची चूक, यातलं काही काढू नकोस. त्यानं नाही म्हटलं तर राम राम करून निघ. त्यालाही याच गावात राहायचंय. आणि त्या घराच्या बांधाला लागून असलेल्या रानात यंदा कामाला जाऊ नकोस, मजुरी जास्त मिळाली तरी. त्या घरातल्या माऊलीला रोज तुझं तोंड बघायला लावायचं नाही.

माझ्या बागेची छाटणी सोमवारपासून आहे. टोळीच्या मुकादमाशी बोललोय, त्याला सगळं माहीत आहे. तरी तू स्वतः सांग. सकाळी सातला ये, उजेडात, चावडीवरून.

तुझा,
गुरुजी