चाळणी म्हणू नका

प्रश्न : मॅडम, मी बारावीत आहे. पेशीपटल म्हणजे बारीक चाळणी, असं आम्हाला वर्गात सांगितलं. ऑक्सिजन लहान म्हणून जातो, ग्लुकोज मोठं म्हणून अडतं. पण सोडिअमचा आयन तर पाण्याच्या रेणूपेक्षाही लहान आहे. मग पाणी जातं आणि सोडिअम का अडतो? आणि पोटॅशिअम सोडिअमपेक्षा मोठा, तरी पोटॅशिअमच्या वाटेनं सोडिअम जाऊ शकत नाही म्हणे. सरांना विचारलं तर म्हणाले, हे परीक्षेला येत नाही.

उत्तर : सरांवर रागावू नकोस. मीही कित्येक वर्षं फळ्यावर चाळणीच काढायचे. दोन आडव्या रेघा, मध्ये फटी आणि फटींतून खाली उतरणारे खडूचे ठिपके. एकदा मागच्या बाकावरच्या मुलानं नेमका तुझाच प्रश्न विचारला. "अरे, सोडिअमवर प्रभार असतो ना," म्हणून मी वेळ मारून नेली. घरी येऊन पुस्तकं उपसली तेव्हा लक्षात आलं, की उत्तर बरोबर दिलं होतं, पण त्याचा अर्थ माझा मलाच ठाऊक नव्हता.

सोडिअम पाण्यात कधी एकटा नसतो. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनची बाजू किंचित ऋण असते. धन सोडिअम दिसला की पाच-सहा रेणू ती बाजू आत करून त्याला गराडा घालतात. आता पेशीपटलाकडे बघ. जाडी जेमतेम ७-८ नॅनोमीटर, पण मधला भाग निव्वळ तेलकट. त्यात शिरायचं तर सोडिअमला हा गराडा सोडून यावं लागेल. त्याला खूप ऊर्जा लागते आणि बदल्यात मेदाकडून काहीच मिळत नाही. थोडक्यात, सोडिअमला भोक लहान पडत नाही, त्याला पाणी सोडवत नाही.

प्रथिनं काढून टाकून नुसता मेदाचा दुहेरी थर घेतला, तर पाणी त्यातून सोडिअमपेक्षा सुमारे शंभर कोटी पटींनी सहज जातं. ग्लुकोजसुद्धा, एवढं मोठं असून, सोडिअमपेक्षा हजारो पटींनी सहज जातं! चाळणीचं चित्र इथेच मोडतं. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड तर मेदात विरघळतातच, त्यांना कसली अडचण?

(थर दुहेरी आहे हे १९२५ साली गोर्टर आणि ग्रेंडेल यांनी लाल रक्तपेशींतला मेद काढून, तो पाण्यावर पसरून मोजलं. त्यांचा मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं गेलं होतं. दोन्ही चुकांनी एकमेकींना खाल्लं आणि उत्तर बरोबर आलं. प्रात्यक्षिकाच्या वहीत अशी उत्तरं मी पुष्कळ पाहिली आहेत, फक्त त्यांना कोणी प्रसिद्धी दिली नाही.)

आता पोटॅशिअम. त्याच्यासाठी पटलात प्रथिनाची खास वाट असते. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली तिची रचना उलगडली. वाटेच्या सगळ्यात अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू ओळीनं बसवलेले आहेत, आणि तेही पाण्यात पोटॅशिअमभोवती पाण्याचे ऑक्सिजन जेवढ्या अंतरावर असतात, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. त्यामुळे पोटॅशिअम गराडा बाहेर सोडतो आणि आत तसाच दुसरा त्याची वाट बघत असतो. सोडिअम लहान, त्याच्यापर्यंत हे ऑक्सिजन नीट पोचत नाहीत. मग तो पाणी कशाला सोडेल? म्हणून मोठा जातो आणि लहान अडतो. एका वाटेतून सेकंदाला दहा कोटींच्या घरात पोटॅशिअम आयन जाऊ शकतात. दहा हजार पोटॅशिअममागे एखादा सोडिअम निसटला तर निसटला.

पाण्याचंही एक गुपित आहे. मेदातून ते जातं, पण लाल रक्तपेशींना आणि मूत्रपिंडाला लागतं त्या वेगानं नाही. पीटर अॅग्रे दुसऱ्याच एका प्रथिनाच्या मागे असताना त्यांच्या हाती एक अनोळखी प्रथिन लागलं. १९९२ साली त्यांच्या गटानं ते बनवण्याचा निरोप, म्हणजे आरएनए, बेडकाच्या अंड्यांत टोचला आणि अंडी पातळ द्रावणात सोडली. टोचलेली अंडी टम्म फुगून फुटली. न टोचलेली जवळपास जशीच्या तशी राहिली. पाण्याची वाट सापडली! अॅग्रे आणि मॅकिनन यांना २००३चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

परीक्षेत मात्र "निवडक्षम पारपटल" असंच लिही. शब्द चांगला आहे.

प्रश्न : जुलाबात देतात त्या ओआरएसमध्ये साखर कशासाठी? ताकद यावी म्हणून असेल तर आणखी थोडी घातली तर चालेल का?

उत्तर : नाही, घालू नका. ती साखर म्हणजे ग्लुकोज, आणि ते तिथे सोडिअमला आत घेऊन जायला आहे. आतड्याच्या पेशीवर एक दार असतं. दोन सोडिअम आणि एक ग्लुकोज एकदम आले तरच ते त्यांना आत घेतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही जोडीची कल्पना मांडली. सोडिअम आत ओढला जातो, कारण पेशीत तो मुद्दाम कमी ठेवलेला असतो. त्यासाठी पेशीच्या दुसऱ्या बाजूला एक पंप सतत चालतो : एटीपी म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, त्याच्या दर रेणूमागे तीन सोडिअम बाहेर, दोन पोटॅशिअम आत. येन्स स्कोऊ यांनी १९५७ साली खेकड्याच्या पायातल्या चेतांमध्ये या पंपाचा छडा लावला. सोडिअम आणि ग्लुकोज आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. कॉलऱ्यात आतड्यातून पाणी धो-धो बाहेर पडतं, तरी हे दार शाबूत राहतं. सगळी मदार त्याच्यावर.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात लिटरमागे सोडिअम ७५ आणि ग्लुकोजही ७५ मिलिमोल आहे. समसमान. त्यावर साखर वाढवली तर दार तेवढी घेत नाही. उरलेली आतड्यातच राहते आणि उलट शरीरातलं पाणी बाहेर खेचते, म्हणजे जुलाब वाढतात. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढंच मोजून घ्या आणि अख्खं पाकीट त्यात घाला. अर्धं आत्ता, अर्धं मग, असं अंदाजानं करू नका.

प्रश्न : प्रयोगशाळेत रिओ या शोभेच्या झाडाच्या जांभळ्या पानाची साल मिठाच्या पाण्यात ठेवली. जांभळा भाग आक्रसला, रससंकोच छान दिसला. मग साधं पाणी घातलं, पण पेशी परत फुगल्या नाहीत. आणि आक्रसल्यावर जी जागा मोकळी झाली तिच्यात काय असतं?

उत्तर : मोकळ्या जागेत मिठाचं पाणीच असतं. पेशीभित्तिका ते खुशाल आत येऊ देते, अडवतं ते पटल. चाळणी म्हणायचंच असेल तर भित्तिकेला म्हणा.

फुगल्या नाहीत, कारण बहुधा मीठ जास्त झालं किंवा साल फार वेळ त्यात राहिली. तीन टक्क्यांचं पाणी पुरतं. पाच मिनिटं झाली की बघायला लागा आणि निम्म्या पेशी आक्रसल्या की टिपकागदानं एका कडेनं मीठपाणी ओढत दुसऱ्या कडेनं साधं पाणी सोडा. पेशी जिवंत असेल तर जांभळा रंग हळूहळू भित्तिकेपर्यंत पसरत जातो. रंग फिका होऊन आजूबाजूच्या पाण्यातच उतरलेला दिसला, तर पटल फाटलेलं आहे. ती साल टाकून द्या आणि नवी काढा.